‘गणित रक्तातच असावं लागतं’ म्हणे! फील्ड्स पदकाच्या त्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या ‘गणिताच्या नोबेलची पाच सत्यं’ असा एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: नोबेलची बायको एका गणितज्ञाबरोबर पळून गेली म्हणून गणिताला नोबेल नाही. त्याच्या तोडीचं फील्ड्स पदक चाळिशीच्या आतच देतात, कारण पुढे मेंदू चालत नाही. ते मिळवणारे सगळे जन्मजात अलौकिक असतात. मुलींचा तो प्रांत नाही. आणि २०१४ चे विजेते मंजुल भार्गव यांना त्यांचं उत्तर संस्कृत ग्रंथात आयतं सापडलं. शेवटी सल्ला: दहाव्या वर्षापर्यंत मुलात चमक दिसली नाही तर गणिताचा नाद सोडा, दिसली तर लगेच ‘वैदिक गणिता’चा कोर्स लावा.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतो. परवा एक वडील हाच मेसेज मोबाइलवर दाखवत म्हणाले, “सर, पोरगी नववीत आहे, गणितात काठावर पास होते. रक्तातच नसेल तर कशाला ओढाताण करायची?” पोरगी शेजारीच उभी होती, सगळं ऐकत होती. हे लिहायला बसलो ते त्यामुळे.

नोबेलची गोष्ट आधी उरकून टाकू. आल्फ्रेड नोबेल जन्मभर अविवाहित होते. बायकोच नव्हती, तर पळून कोण जाणार? १८९५ च्या मृत्युपत्रात त्यांनी पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता अशी पाच क्षेत्रं लिहिली, त्यांत गणित नव्हतं. एवढंच.

चाळिशीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण नियम खरा आहे आणि त्याचं कारण खोटं सांगितलंय. हे पदक कॅनडाचे गणितज्ञ जॉन चार्ल्स फील्ड्स यांच्या कल्पनेतून आलं. पहिली दोन पदकं १९३६ साली ऑस्लोत दिली गेली. झालेल्या कामाची दाद आणि पुढच्या कामाला प्रोत्साहन, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. पुढच्या कामाला प्रोत्साहन द्यायचं तर पुढे काम करणारा माणूस हवा. वयाची अट आली ती तिथून. आजचा नियम असा, की त्या वर्षाच्या १ जानेवारीला चाळीस पूर्ण झालेली नसावीत. गंमत बघा, २०१४ च्या ऑगस्टमध्ये सेऊलला पदक घेतलं तेव्हा खुद्द भार्गव यांची चाळीस वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती!

आणि चाळिशीनंतर मेंदू चालत नसता तर अँड्र्यू वाइल्स यांचं काय? फर्माचं शेवटचं प्रमेय साडेतीनशे वर्षं भल्याभल्यांना दाद देत नव्हतं. वाइल्स यांनी १९९३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, सिद्धता जाहीर केली. तिच्यात एक भगदाड निघालं. रिचर्ड टेलर यांच्या साथीने १९९४ मध्ये त्यांनी ते बुजवलं, तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. फील्ड्स पदक हुकलं; १९९८ मध्ये खास रौप्य सन्मानफलक मिळाला आणि २०१६ मध्ये नॉर्वेचं आबेल पारितोषिक. आबेलला वयाची अट नाही. २००७ मध्ये ते एस. आर. श्रीनिवास वरदन यांना मिळालं. जन्म चेन्नईचा, पदवी तिथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजची, डॉक्टरेट कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतली.

आता मेसेजचा सगळ्यात विखारी दावा: सगळे जन्मजात अलौकिक. काही तसे होते, हे मान्य करायलाच हवं. २०१८ चे विजेते अक्षय वेंकटेश बाराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शाळकरी मुलांच्या स्पर्धेत पदक मिळवून बसले होते. पण ‘काही’चे ‘सगळे’ केले की खोटं सुरू होतं.

२०२२ चे विजेते जून हू यांच्याकडे बघा. सेऊलमध्ये वाढलेला मुलगा. लहानपणी गणिताच्या चाचणीत मार्क कमी पडले. वडिलांनी सरावाचं पुस्तक आणून दिलं, तर हा मागची उत्तरं बघून उतरवायचा. वडिलांनी ती पानं फाडून ठेवली, तर दुकानात जाऊन त्याच पुस्तकातून उत्तरं टिपून आणली. पुढे कवी व्हायचं म्हणून शाळाच सोडली. कॉलेजची पदवी घ्यायला सहा वर्षं लागली. शेवटच्या वर्षी हैसुके हिरोनाका हे पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. हे स्वतः १९७० चे फील्ड्स विजेते. विज्ञान पत्रकार व्हायचं आणि पहिली मुलाखत यांचीच घ्यायची, असं ठरवून हू वर्गात जाऊन बसले. शंभरावर विद्यार्थ्यांनी वर्ग सुरू झाला. विषय झेपेना म्हणून बहुतेक गळाले, हू टिकले. हिरोनाकांबरोबर जेवता जेवता गणित सुरू झालं. पुढे अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी अर्ज फेटाळले, एकाने घेतलं. तिथे गेल्यावर त्यांनी आलेखांच्या (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांच्या) रंगसंगतीबद्दलचं १९६८ पासून अडलेलं एक अनुमान सिद्ध केलं.

या माणसाला दहाव्या वर्षी कोणी जोखलं असतं, तर आपल्या मेसेजने त्याला बादच केलं असतं.

याच हिरोनाकांचे एक गुरुबंधू मराठी होते, हेही सांगतो. श्रीराम अभ्यंकर. दोघेही हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांचे विद्यार्थी, आणि ज्या प्रश्नावर हिरोनाकांना पदक मिळालं त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या, अवघड बाजूवर अभ्यंकरांनी मूलभूत काम केलं. पुण्याचं भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच १९७६ मध्ये उभं केलं. तिथे शाळकरी मुलांना ऑलिंपियाडचं गणित शिकवतात. सोलापूरहून पुणे किती लांब आहे?

मुलींबद्दल. २०१० पर्यंतचे सगळे ५२ विजेते पुरुष होते, हा आकडा खरा. पण मेसेज लिहिणाऱ्याने मोजणी नेमकी तिथेच थांबवली. २०१४ मध्ये इराणच्या मरियम मिर्झाखानी यांना पदक मिळालं. सहावीच्या सुमारास त्यांचं गणित कच्चं होतं. शिक्षकांना त्यांच्यात काही विशेष दिसेना आणि मरियमचा धीरच सुटला. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांनी हात दिला. शाळेच्या मुख्याध्यापिकाही पाठीशी उभ्या राहिल्या, तोवर इराणच्या ऑलिंपियाड संघात एकही मुलगी गेलेली नसताना. १९९५ मध्ये मरियमनी तिथे पैकीच्या पैकी गुण घेतले. ‘रक्त’ तेच होतं, शिक्षक बदलले होते. आम्ही शिक्षकांनी ही ओळ पाठ करून ठेवावी.

२०२२ मध्ये युक्रेनच्या मरीना वियाझोव्स्का. लक्ष्मी मंडईत मोसंब्यांचा मनोरा रचतात, त्याहून दाट गोळे रचता येणार नाहीत, हे सिद्ध व्हायला केप्लरच्या काळापासून चारेकशे वर्षं गेली. हा आपल्या तीन मितींचा, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीचा, प्रश्न झाला. वियाझोव्स्कांनी २०१६ मध्ये आठ मितींत तो सोडवला.

राहता राहिले भार्गव आणि त्यांचा संस्कृत ग्रंथ. इथे खरी गोष्ट मेसेजपेक्षा कितीतरी सुंदर आहे. भार्गव यांचे आजोबा जयपूरला संस्कृतचे विद्वान होते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिलेला एक नियम नातवाने त्यांच्याकडच्या पुस्तकात वाचला होता. तो आठवीच्या मुलालाही पडताळता येतो. ३ ही संख्या १ चा वर्ग अधिक १ च्या वर्गाची दुप्पट अशी लिहिता येते. ११ म्हणजे ३ चा वर्ग अधिक १ च्या वर्गाची दुप्पट. ब्रह्मगुप्त म्हणतो, अशा दोन संख्यांचा गुणाकारही त्याच साच्यात बसतो. करून बघा: ३३ म्हणजे १ चा वर्ग अधिक ४ च्या वर्गाची दुप्पट, १ आणि ३२. हा १ आणि ४ आणायचाही नियम आहे, आणि दुपटीच्या जागी कुठलीही पट घेतली तरी तो चालतो.

१८०१ मध्ये जर्मन गणितज्ञ गाउसने याच धर्तीची, पण खूप व्यापक रचना मांडली. ती किचकट होती, पानंच्या पानं व्यापणारी. भार्गव यांनी दोन बाय दोन बाय दोनच्या छोट्या रुबिक क्यूबच्या आठ कोपऱ्यांवर आठ संख्या बसवून पाहिल्या. घन तीन दिशांनी कापता येतो. प्रत्येक कापातून एक द्विघाती राशी मिळते आणि त्या तिघींच्या नात्यात गाउसचा नियम अख्खा उतरतो. मग त्यांनी तसेच आणखी नियम शोधले, ज्यांची गाउसलाही कल्पना नव्हती. प्रिन्स्टनला, वाइल्स यांच्याच हाताखाली, हा त्यांचा प्रबंध झाला. पदकाच्या मानपत्रात उल्लेख आहे तो संख्यांच्या भूमितीतल्या त्यांच्या नव्या पद्धतींचा.

उत्तर आयतं नव्हतं. ब्रह्मगुप्ताने दार दाखवलं, आत चालत गेले भार्गव. ‘ग्रंथात सापडलं’ म्हटलं की दोघांचाही अपमान होतो. भार्गव यांची मेहनत पुसली जाते आणि ब्रह्मगुप्त म्हणजे जणू गाइडची मागची पानं ठरतो. आणि ‘वैदिक गणित’ म्हणून ज्या झटपट गुणाकाराच्या युक्त्या विकल्या जातात, त्या विसाव्या शतकातल्या एका पुस्तकातल्या आहेत. ब्रह्मगुप्ताशी त्यांचा संबंध नाही आणि फील्ड्स पदकाशी तर नाहीच. हौस म्हणून खुशाल शिकवा. पदकाचं आमिष दाखवून फी घेऊ नका.

त्या वडिलांना मी सांगितलं, पोरीला रविवारी माझ्याकडे पाठवा, फी नको. ग्रुपवरच्या बाकीच्या पालकांना विनंती, मेसेज पुढे ढकलण्याऐवजी आज जेवणं झाल्यावर हे मुलांसमोर ठेवा: ७ म्हणजे २ चा वर्ग अधिक १ च्या वर्गाची तिप्पट. १३ म्हणजे १ चा वर्ग अधिक २ च्या वर्गाची तिप्पट. आता ९१ याच साच्यात लिहून दाखवा. उत्तरं दोन आहेत, दोन्ही हवीत.