संयुक्त राष्ट्रसंघ बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

कुठे युद्ध पेटलं की एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: संयुक्त राष्ट्रसंघाने आजवर एकही युद्ध थांबवलेलं नाही, मुत्सद्दी लोक चिंता व्यक्त करण्यापलीकडे काही करत नाहीत, मदत पाठवली तर ती बंदूकवाल्यांच्याच घशात जाते, त्यांच्याशी बोलणं म्हणजे त्यांना मान्यता देणं, तेव्हा हा पांढरा हत्ती पोसणं बंद करा. यामागचा संताप मला समजतो. पण या मजकुरामुळे ज्यांना जाब विचारायला हवा तेच नामानिराळे राहतात, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

‘एकही युद्ध थांबवलं नाही.’ हे साफ चूक आहे. आठ वर्षं चाललेलं इराण-इराक युद्ध ऑगस्ट १९८८ मध्ये थांबलं ते सुरक्षा परिषदेच्या ५९८ क्रमांकाच्या ठरावानुसार. दोन्ही देश थकले होते, हे खरंच. पण थकलेल्यालाही नाक न कापून घेता माघार घ्यायला वाट लागते, आणि ती वाट वर्षभर आधीच कागदावर तयार होती. नामिबियाचं स्वातंत्र्य, मोझांबिकमधलं यादवीनंतरचं निःशस्त्रीकरण आणि १९९४ ची निवडणूक, ही आणखी उदाहरणं. जे युद्ध थांबलं त्याची बातमी लवकर विरते, त्याला इलाज नाही.

मात्र रवांडाचं नाव कुणी काढलं, तर मी वाद घालणार नाही. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली तेव्हा तिथे शांतिसेनेचे सुमारे अडीच हजार सैनिक होते आणि त्यांचे कमांडर रोमिओ डॅलेर कुमक मागत होते. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने एकमताने ही संख्या सुमारे २७० वर आणायचं ठरवलं. मतदान करणाऱ्यांत रवांडाही होता. ज्या सरकारच्या आशीर्वादाने कत्तल चालू होती, त्याचाच प्रतिनिधी परिषदेत बसला होता. सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. यात ‘संघटना’ हरली असं म्हणणं सोपं आहे. हात वर झाले ते देशांचे.

नकाराधिकाराचंही तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवरचा ठराव अडवला. गाझातल्या शस्त्रसंधीचे ठराव अमेरिकेने पुन्हा पुन्हा अडवले. आणि नकाराधिकार कुणी वापरला नाही तरी अंमलबजावणी होतेच असं नाही. सुदानमधल्या अल-फाशर शहराचा वेढा उठवा, असा ठराव जून २०२४ मध्ये १४ मतांनी संमत झाला, विरोधात एकही मत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या लष्कराशी लढणाऱ्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाने ते शहर घेतलं आणि तिथे कत्तल केली. या दलाला संयुक्त अरब अमिरातींकडून शस्त्रं मिळत असल्याचे आरोप राष्ट्रसंघाच्याच तज्ज्ञांनी विश्वासार्ह ठरवले होते. अमिराती ते नाकारतात. फिरणाऱ्या मजकुरात या पुरवठ्याबद्दल अवाक्षर नसतं.

आता ‘चिंता व्यक्त करण्यापलीकडे काही नाही’ हा मुद्दा. इथे थोडं थांबायला हवं, कारण मुत्सद्देगिरीचं खरं काम कॅमेऱ्यासमोर दिसत नाही. चाडमधल्या आद्रेहून सुदानच्या दारफूरमध्ये जाणारा रस्ता घ्या. सीमेपलीकडचा भाग रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या ताब्यात होता, पण परवानगी द्यायची होती ती लष्कराच्या सरकारने, तेव्हा पोर्ट सुदानमध्ये बसून. इथून शस्त्रं जातात असं कारण देत त्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये रस्ता बंद केला. उत्तरेला टिने इथलं सीमानाकं खुलं होतं, पण पावसाळ्यात तिथले रस्ते वाहून गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला दारफूरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञ समितीने जाहीर केलं. मग अमेरिकेच्या पुढाकाराने जिनिव्हात बैठक बसली. लष्कराने प्रतिनिधीच पाठवला नाही, तरी बाहेरून बोलणी सुरू राहिली आणि १५ ऑगस्टला आद्रे तीन महिन्यांसाठी उघडायची घोषणा झाली. पुढे मुदत वाढत गेली. युद्ध थांबलं नाही. धान्याचे ट्रक आत गेले.

गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओमुळे लुळेपणा आल्याचं निष्पन्न झालं. सप्टेंबरमध्ये भागाभागाने लढाई थोपवून दहा वर्षांखालच्या सुमारे साडेपाच लाख मुलांना डोस पाजले गेले. काळ्या समुद्रातून तुर्कस्तान आणि राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने वर्षभरात युक्रेनचं जवळपास ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं. जुलै २०२३ मध्ये रशियाने अंग काढून घेतलं आणि ते बंद झालं.

‘मदत बंदूकवाले खातात.’ काही ठिकाणी खातात. येमेनमध्ये हुथी बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात धान्य दुसरीकडे वळवलं जात होतं, म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने जून २०१९ मध्ये राजधानी सना इथलं वाटप काही अंशी थांबवलं आणि लाभार्थींच्या बायोमेट्रिक नोंदणीचं कबूल करून घेतल्यावरच ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केलं. गळतीवर उपाय असा करतात. मदतच तोडली तर काय होतं, ते सोमालियात २०११ मध्ये दिसलं. अल-शबाब या सशस्त्र संघटनेने अनेक मदतसंस्थांना हाकललं, आणि अमेरिकी दहशतवादविरोधी कायद्यांच्या धाकाने उरलेला ओघही आटला. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. बंदूक ज्याच्या हाती असते तो सगळ्यात शेवटी उपाशी राहतो, एवढं तरी मजकूर लिहिणाऱ्याला सुचायला हवं होतं.

‘बोलणं म्हणजे मान्यता’ याचं उत्तर युद्धाचे नियम घालून देणाऱ्या १९४९ च्या जिनिव्हा करारांतच आहे. चारही करारांत सारख्याच असलेल्या तिसऱ्या कलमाच्या शेवटी लिहिलंय की या तरतुदी लागू केल्याने लढणाऱ्या पक्षांच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही. ही शंका तेव्हाही आली होती, म्हणूनच ते वाक्य तिथे आहे. १९८५ मध्ये एल साल्वादोरमध्ये सरकार आणि बंडखोर दोघांनीही लसीकरणासाठी काही दिवस बंदुका खाली ठेवल्या. त्यासाठी कुणीतरी दोघांशीही बोललं होतंच.

राहिला खर्च. २०२४ मध्ये जगाने सैन्यावर सुमारे २ लाख ७० हजार कोटी डॉलर घातले. शांतिसेनांचं २०२४-२५ चं अंदाजपत्रक साधारण ५६० कोटी डॉलरचं, म्हणजे हजार रुपयांतले दोन. आणि त्यातला आपला वाटाही अनेक देश वेळेवर भरत नाहीत.