थंडीत डिझेल कोण पितं?

पंपावर माझ्या डिझेल पिकअपची काच खाली होती, कारण टाकीचं झाकण गारठून अडकलं होतं आणि मी आतून खटका ओढत होतो. तेवढ्यात खिडकीतून एक कानटोपी आत आली. टोपीत एक माणूस होता. त्याने माझ्या डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, ते निरखलं आणि नापासांची यादी वाचावी तशा आवाजात मागच्या अख्ख्या रांगेला ऐकवलं, "8.4!"

मग माझ्याकडे वळून, "काका, 8.4? एवढ्यात तर ट्रक चालतो."

ट्रक एवढ्यात चालत नाही. भरलेल्या ट्रकला याच्या निम्मं मिळालं तरी ड्रायव्हर खूश असतो. पण ते राहूनच गेलं, कारण मी 'काका'वर अडकलो होतो. टोपीखालून डोकावणारे त्याचे कल्ले माझ्यापेक्षा पांढरे होते.

"उन्हाळ्यात किती देते?"

"11."

"मग मधलं कोण पितं?"

"थंडी."

तो मागच्या गाडीवाल्याकडे वळला. "हे म्हणतात, थंडी डिझेल पिते." दोघेही हसले. मग त्याने वाकून माझ्या बुटांकडे पाहिलं आणि निदान केलं, "पाय जड आहे."

आता खरं तर काच वर करून गप्प बसणं हे शहाण्याचं काम. पण पिकअपवाल्याला ॲव्हरेजवरून बोललं की त्याच्यातला शिक्षक जागा होतो. मी सुरू झालो. म्हटलं, डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्श्यावर आणायची, त्या दाबाने ती तापते आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पण सिलिंडरच्या भिंतीच बर्फ झालेल्या असल्या तर ती उष्णता त्याच गिळतात. मग कॉम्प्युटर जास्त डिझेल सोडतो, हीटर प्लग बॅटरी ओढतात, बॅटरी भरायला अल्टरनेटर इंजिन ओढतो...

"ऑइल कधी बदललं?"

"ऑइलकडेच येतोय. ते गार असलं की घट्ट होतं..."

"पण थंड हवेत प्राणवायू जास्त असतो," तो म्हणाला. "मग ताकद वाढायला पाहिजे."

हे मात्र बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त मावतो. फक्त डिझेल इंजिनाला हवेची टंचाई अशी नसतेच. टर्बो ती पोतडीने आत कोंबत असतो. ताकद किती हे डिझेल किती फवारलं यावर ठरतं. शिवाय हीच दाट हवा गाडीच्या पुढूनही बाजूला सारावी लागते. 30 अंशांवरून उणे 10 वर आलं की हवा 15 टक्क्यांनी जड होते. मोटार तिच्यातून निसटते तरी. पिकअप म्हणजे सपाट नाक, उभी काच आणि मागे उघडा हौदा.

एवढं सगळं मी बोललो. त्याने त्यातलं 'हवा' तेवढं घेतलं.

"वारा झोंबतो गाडीला. रात्री चादर टाकत जा."

"वारा माणसाला झोंबतो. उभ्या गाडीला वाऱ्याने हवेपेक्षा खाली गारवा येत नाही, ती फक्त लवकर गार होते."

"आम्हाला झोंबतो आणि हिला नाही?" त्याने बॉनेटवर दोनदा थोपटलं. माझ्याविषयी त्याचं मत गेलेलं होतं, गाडीविषयी अजून सहानुभूती होती. "आणि पहाटे भरत जा. डिझेल आकसतं, लिटरात जास्त मावतं."

हा सल्ला देणारा माणूस जगातल्या प्रत्येक पंपावर एक नेमलेला असतो. डिझेल आकसतं ते एका अंशाला टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि ते असतं जमिनीखालच्या टाकीत. वर पहाट झाली की दुपार, याची तिथे कुणी वर्दी देत नाही. उलट, मी म्हटलं (आणि इथे गप्प बसायला हरकत नव्हती), कडाक्याच्या थंडीत मिळणारं डिझेलच वेगळं असतं. साध्या डिझेलमधल्या मेणाचे गारठ्यात कण होतात, ते फिल्टरमध्ये अडकतात आणि गाडी रस्त्यात बसते. म्हणून हिवाळी डिझेलमध्ये रॉकेलच्या जातीचा हलका भाग जास्त ठेवतात. त्या हलक्या भागात लिटरमागे ऊर्जा थोडी कमी...

"म्हणजे पातळ करतात!"

"पातळ नाही. हलकं."

"भेसळ! मी कधीचा म्हणतोय!" तो ताठ झाला, कानटोपी छताला घासली, आणि नोझल धरून उभ्या असलेल्या पोराला त्याने हाक मारली. "अरे ए, हे काका म्हणतात तुम्ही रॉकेल घालता!"

त्या पोराची बोटं निळी पडली होती. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात कधी कुणाला काही समजावणार नाही असं ठरवून टाकलं. "मी तसं म्हटलेलं नाही," मी म्हणालो. "ते कारखान्यातच करतात. आपल्या भल्यासाठी." मागच्या गाडीने हॉर्न दिला. रांगेच्या दृष्टीने आता मी रॉकेलचा आरोप करणारा आणि भेसळीची बाजू घेणारा, असा एकाच वेळी दोन्ही होतो.

"तुमची किती देते?" मी शेवटी विचारलं. त्याची छोटी पेट्रोल गाडी बाजूलाच उभी होती.

"माझी? बारा महिने सारखीच."

"मोजता कधी?"

"सारखीच आहे, तर मोजायचं कशाला?"

यावर उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे आहे. त्यांच्या हिशेबाने 25 अंशांवरून उणे 7 वर गेलं की साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज साधारण 15 टक्के पडतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांना 24 टक्क्यांपर्यंत. त्याच्या गाडीचंही पडतं. तिच्यात आकडा दिसत नाही, एवढंच त्याचं भाग्य.

राग कशाचा, तर लोकांना एक चोर हवा असतो. इथे तसा एक नाहीच, सगळे थोडं थोडं खातात. टायरची हवा दर 10 अंशांना साधारण 2 पीएसआय उतरते, ती थोडं खाते. गिअरबॉक्स आणि चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफ्रन्शियलमधलं घट्ट तेल थोडं खातं. ऑटोमॅटिक गिअर ऊब येईपर्यंत वरचा गिअर टाकत नाही, तोही खातो. दिवे, मागच्या काचेवरची तापणारी जाळी, सीटचा हीटर, ब्लोअर, घसरू नये म्हणून हौद्यात टाकलेली वाळूची पोती. आणि फेरी एवढीशी, की इंजिन 85-90 अंशांवर येईपर्यंत आपण पोचलेलो असतो. डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवतं हे त्याचं कौतुक, आणि म्हणूनच ते लवकर तापत नाही. गुणाची शिक्षा हिवाळ्यात मिळते.

उभ्या उभ्या गाडी तापवू नका, असं सगळे सांगतात. खरं आहे, मोठं डिझेल इंजिन उभ्याने तासाला लिटर-दोन लिटर पितं आणि धड तापतही नाही. तरी मी तापवतो आणि तापवणार. काचेवर बर्फ असताना आंधळ्याने गाडी काढून ॲव्हरेज वाचवण्यात मला रस नाही.

या इंजिनाचा बाप रुडॉल्फ डिझेल. 1897 साली त्याने जे इंजिन चालवून दाखवलं ते जळणातली साधारण 26 टक्के ऊर्जा कामाला लावत होतं. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात हा चमत्कार होता. 1913 च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला. आत्महत्या म्हणतात, घातपात म्हणतात, कर्ज म्हणतात. मला वाटतं, डेकवर कुणीतरी कानटोपी घातलेला त्याला भेटला असावा आणि म्हणाला असावा, काका, किती देतं?

बरं, कंपन्यांचा छापील आकडा येतो कुठून? युरोपातली प्रमाण चाचणी बंद खोलीत, रोलरवर, 23 अंशांत होते. 23 अंशांत मीही छान ॲव्हरेज देतो. अमेरिकेत तर एकूण वजनक्षमता 8,500 पौंडांच्या वर असलेल्या पिकअपच्या काचेवर ॲव्हरेजचा कागद लावण्याची सक्तीच नाही. जी गाडी सगळ्यात जास्त पिते तिलाच विचारायचं नाही, असा हा न्याय.

आता नवीन प्रकरण. छोट्या फेऱ्यांनी सायलेन्सरच्या वाटेतल्या फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला गाडी जादा डिझेल फवारून फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापवते. त्या डिझेलवर गाडी एक वीतही पुढे जात नाही. मध्येच इंजिन बंद केलं तर काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरू होतं. माझं किती वेळा अर्धवट राहिलं असेल ते गाडीलाच ठाऊक. शेवटी तिने पिवळा दिवा लावला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, गाडी हमरस्त्यावर न थांबता पळवा.

चावी घेतली, तर घरातून प्रश्न आला, "कुठे निघालास?"

"कुठेच नाही. काजळी जाळायला."

"मग ॲव्हरेज सुधारेल?"

"जळेपर्यंत तर आणखी पडेल."

"मग कशाला जातोस?"

"दिवा लागलाय."