सणाची ड्युटी लावण्याची कला

अभिनंदन! इस्पितळाच्या वॉर्डातल्या सिस्टरांचं ड्युटी रोस्टर लावायचं काम यंदापासून तुमच्याकडे आलंय. बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय एवढं? सकाळ, दुपार, नाइट, ऑफ. रकाने भरायचे आणि सही ठोकायची. साधा आठवडा कुणीही लावेल हो. सणाच्या आठवड्याला कसब लागतं, आणि ते कसब परवाच मी फार जवळून पाहिलं. रीतसर अर्ज देऊन मंजूर झालेली माझी रजा, आदल्या रात्री मोबाइलवर आलेल्या एका फोटोत नाहीशी झाली. फोटो ड्युटीच्या तक्त्याचा. माझ्या नावापुढच्या चौकोनात व्हाइटनरचा जाड थर आणि तो वाळायच्या आत घाईने लिहिल्यामुळे फराटा उठलेला 'एन', म्हणजे नाइट. सोबत जोडलेल्या हातांचं चित्र आणि दोनच शब्द: 'प्लीज ॲडजस्ट.' एवढी विद्या एकाच वॉर्डात कुजू नये, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी, रोस्टर लवकर लावायचा मोह टाळा. महिनाभर आधी लावलंत तर बायका तिकिटं काढतात, घरच्यांना शब्द देतात, आणि मग बदल केला की तोंडं पाडतात. आदल्या रात्री लावलं की बदलण्यासारखं काही उरतच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली नर्सिंग कर्मचाऱ्यांसाठी १५७ क्रमांकाची एक शिफारस काढली. त्यात म्हटलंय की कामाचं वेळापत्रक पुरेसं आधी कळवावं, म्हणजे माणसाला आपलं घरदार सांभाळून बेत आखता येतील. आणि त्यात फेरफार करायचा तर फक्त विशेष आणीबाणीत. घाबरू नका, वाट काढलेली आहे. सण हीच आणीबाणी समजायची. तो दरवर्षी येतो, कॅलेंडरवर लाल शाईत छापून येतो, शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ असतो. पण तुमच्या ऑफिसात तो पूर आल्यासारखा अचानक आला पाहिजे.

त्याच शिफारशीत दोन पाळ्यांच्या मध्ये सलग किमान १२ तास विश्रांती असावी, असंही लिहिलंय. तुम्ही दुपारपाळीला जोडून दुसऱ्या दिवशीची सकाळ लावा. रात्री पुढच्या पाळीला पेशंटचा हँडओव्हर देऊन घर गाठायचं, चार घास गिळायचे आणि पहाटे पुन्हा निघायचं. तक्त्यावर दोन वेगळ्या तारखा दिसतात. कागद स्वच्छ.

आता ड्युटी कुणाला लावायची? इथे तर्कशास्त्र पक्कं हवं. जिचं लग्न झालेलं नाही, तिला घर नसतं. जिला मूल नाही, तिला सण नसतो. जिची मुलं मोठी झाली, तिला आता काय करायचंय सण? जिचा धर्म वेगळा, तिचा हा सणच नाही, तेव्हा तिला हक्काने लावा. तिचा सण येईल तेव्हा स्टाफ शॉर्ट असेलच. काँट्रॅक्टवालीला विचारायचीसुद्धा गरज नाही, तिच्या मुदतवाढीचा कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि जिची वर ओळख आहे तिच्या नावापुढचा ऑफ आधी लिहून टाका, म्हणजे पुढे खाडाखोड नको. एवढं केलं की कामाचा अर्धा भाग आपोआप होतो: बायका तुमच्याशी भांडायच्या सोडून आपापसांत भांडू लागतात. लेकुरवाळी विरुद्ध बिनलग्नाची, जुनी विरुद्ध नवी. जागा रिकाम्या का, हा प्रश्न मग कुणाच्या डोक्यात येत नाही.

आजारी पडणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आम्ही ताप मोजायला शिकतो तो फक्त दुसऱ्यांचा.

आपसात ड्युटी बदलू द्या, पण बदलीवाली आली नाही तर मूळचीला मेमो द्या.

आता मुख्य युक्ती, जिच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे: नाइट उतरल्यावरचा दिवस 'ऑफ' म्हणून लिहायचा. बघा, किती सोपं. रात्रभर जागलेली बाई सकाळी आठला सुटते, म्हणजे कागदावर सुटते. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, उशिरा येते, कारण तिलाही दुसऱ्या वॉर्डात मदतीला पाठवलेलं असतं. मग एकेका बेडजवळ उभं राहून हँडओव्हर, औषधांच्या कपाटाची मोजणी, एक सलाइन बाहेर गेलंय ते काढून नवीन लावायचं, तेवढ्यात राउंड येतो, 'रात्री लघवी किती झाली?', मग चार्ट शोधा. साडेनऊ-दहाला ती बाहेर पडते. घरी पडदे ओढून झोपते. दाराची बेल, फोन, शेजारचं ड्रिल मशीन, सगळं कानांवरून जाऊ देत. दुपारी चारला उठते तेव्हा डोकं दगड झालेलं असतं, तोंडाला चव नसते, आणि घरचे विचारतात, आज सुट्टी होती ना? हा तुमचा ऑफ. ही सुट्टी. आणि त्याच दिवशी सण आला तर दुधात साखर: साप्ताहिक सुट्टीही तीच, सणाची सुट्टीही तीच आणि नाइटनंतरची झोपही तीच. तिन्ही एका चौकोनात. दोन दिवस गेले कुठे? विचारलं तर म्हणायचं, 'कॉम्प ऑफ घ्या ना, बदली सुट्टी!' घेते म्हटलं तर, 'आत्ता कुठे, स्टाफ कुठाय?' पुढच्या महिन्यात, 'अहो, तो तर लॅप्स झाला.' लॅप्स झाला! दूध नासतं, औषधाची एक्स्पायरी होते. माझा राबलेला दिवस कसा काय नासतो? तो मी दिलाय. पेशंटच्या फाइलमध्ये माझ्या सह्या आहेत तासातासाच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. त्या कामानंतरची झोप तुम्ही मला सुट्टी म्हणून विकता, आणि वर उपकार केल्याचा चेहरा करता.

असो. चिडून चालणार नाही, आपण कला शिकतोय.

सणाला संख्या कमी ठेवायची असेल तर एक वाक्य पाठ करा: 'सणाला पेशंट कमी असतात.' हे अर्धं खरं आहे, म्हणून उत्तम चालतं. ठरवून करायची ऑपरेशनं पुढे जातात, ज्याला शक्य आहे तो डिस्चार्ज घेऊन घरी जातो. उरतो कोण? ज्याला घरी पाठवताच येत नाही तो. म्हणजे बेड थोडे, पण प्रत्येक बेड जड. त्यात अपघात विभागातून येणारे येतच राहतात. सीनियर डॉक्टर फोनवर. तुम्ही बेड मोजा, जडपणा मोजू नका.

१२ मेला, परिचारिका दिनाला, केक कापा. नाइटवालीसाठी तुकडा ठेवायची गरज नाही. भिंतीवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं चित्र लावा, पण हातात दिवा असलेलंच. याच बाईंनी लष्करी इस्पितळांतल्या मृत्यूंचा हिशोब मांडून सरकारला जाब विचारला होता आणि १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सभासद झाल्या, हे कुणाला सांगू नका. उगाच कुणी वॉर्डात मोजायला बसायचं.

कारण मोजणारे मोजून बसलेत. अमेरिकेतल्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इस्पितळांचा अभ्यास छापला: एका नर्समागे शस्त्रक्रियेचा एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा केला आणि २००४ पासून नर्समागे पेशंटची कमाल संख्या बांधून दिली. आयसीयूत दोन, आणि ती मर्यादा नर्स जेवायला गेली तरी पाळायची. जेवायला! इथे आम्ही लघवीला जाताना शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला आवाज देतो.

आता कला पुरे. माझी रजा खोडणाऱ्या मॅडम, तुमच्याशी सरळच बोलते.

रिकाम्या जागा तुम्ही ठेवल्या नाहीत, मला माहीत आहे. भरती थांबवणारे वर बसलेत आणि सणाला ते घरी असतात. पण वरच्यांना 'स्टाफ नाही, एवढे बेड चालवता येणार नाहीत' असं लेखी कळवायचं काम तुमचं होतं. ते तुम्ही केलं नाही. ते अवघड. त्यापेक्षा रात्री साडेदहाला एका सिस्टरला हात जोडलेलं चित्र पाठवणं सोपं. दरवर्षी सोपं तेच करता, म्हणून वरच्यांना दरवर्षी वाटतं की भागतंय.

मागतोय तरी काय आम्ही? गेल्या तीन वर्षांत कुठल्या सणाला कोण कामावर होतं, त्याची यादी भिंतीवर लावा. सगळ्यांना दिसेल अशी, ओळखवाल्यांसकट. प्रत्येकीला विचारा, वर्षातला कुठला एक सण तुला हवाच आहे. दोघींना एकच हवा असेल तर मागच्या वेळी जिने काम केलं तिला द्या. रजेवर जाणाऱ्यांच्या बदली माणसं मुळातच पदसंख्येत धरावी लागतात, हे कुठल्याही हिशोबनीसाला कळतं. मंजूर रजा रद्द करायची तर कारण लिहा आणि खाली आपलं नाव लिहा. झोपेला झोप म्हणा, सुट्टीला सुट्टी. यात पैशांचं काम थोडं, लाजेचं जास्त.

आणि फोन उचलला नाही म्हणून 'बेजबाबदार' म्हणू नका. रिलीव्हर आली नाही म्हणून पेशंट टाकून घरी गेलेली एकही सिस्टर मी आजवर पाहिलेली नाही. थांबतात. शिव्या घालतात आणि थांबतात. तुम्हाला हे पक्कं ठाऊक आहे, त्याच भरवशावर तुमचा सगळा कारभार चाललाय. त्या भरवशाला वर तोंड करून बेजबाबदार म्हणता? जरा लाज वाटू द्या.