बीएनपी नॉर्मल, मग इको कशाला?

‘हृदयाचा स्नायू कमजोर असणाऱ्यांनी बीएनपीची रक्तचाचणी करावी. नॉर्मल आली तर इकोवर पैसे घालवू नका. आकडा वाढला तर अटॅक जवळ आला समजा. व्हॉल्व्ह गळत असेल तर बदलल्याशिवाय इलाज नाही. आणि पाणी कमीच प्या.’ हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. (इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.) मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त घेते, हे आकडे रोज हातून जातात, म्हणून गप्प बसवेना.

आधी ‘नॉर्मल’चं. हृदयाच्या कप्प्यावर ताण आला की स्नायू बीएनपी रक्तात सोडतो. (नावातला बी ‘ब्रेन’चा, कारण १९८८ मध्ये जपानी संशोधकांना तो डुकराच्या मेंदूत सापडला!) दम लागलेल्या माणसाचा बीएनपी १०० च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय रक्त पुरेसं ढकलू न शकण्याची, शक्यता कमी, हे खरं. पण लठ्ठ माणसात तो मुळातच कमी दिसतो. शिवाय आकडा ताण सांगतो, जागा नाही. कुठला व्हॉल्व्ह गळतोय, स्नायू पसरलाय की जाड झालाय, ते इकोत दिसतं.

अटॅकसाठी बघतात ते ट्रोपोनिन, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन. बीएनपी तर वयानं, किडनीच्या आजारानं, अनियमित ठोक्यांनीही चढतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गफलत मात्र मी रोज बघते. महालातले एक काका दोन रिपोर्ट घेऊन आले, दोन्हींवर बॉलपेननं गोल. आधीचा १८५०, आताचा ४१०. ‘ताई, पाव झालं ना बाप्पा!’ आणि त्या आनंदात लघवीची गोळी बंद. जुना रिपोर्ट एनटी-प्रोबीएनपीचा होता, नवा बीएनपीचा. बीएनपी तयार होताना त्याच रेणूचा जो दुसरा तुकडा सुटतो, तो एनटी-प्रोबीएनपी. एकक तेच, मोजलेली वस्तू वेगळी. एनटी-प्रोबीएनपीचा आकडा सहसा कितीतरी मोठा असतो. त्यात काकांना सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन हे हार्ट फेल्युअरचं औषध चालू. बीएनपी तोडणारं एन्झाइम हे औषध अडवतं, म्हणून बीएनपी उलट वाढलेला दिसू शकतो. अशांना एनटी-प्रोबीएनपीच बरा, आणि दर वेळी तोच. गोळीचं विचारायला त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे पाठवलं.

आता व्हॉल्व्ह. जुन्या वाड्याची चौकट फाकली की दाराच्या दोन्ही फळ्या धडधाकट असूनही मिटत नाहीत. स्नायू पसरलेल्या हृदयात मायट्रल व्हॉल्व्हचं (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं) बरेचदा असंच होतं: कप्पा फुगतो, पडद्यांचे दोर ओढले जातात, फट राहते. म्हणून आधी हार्ट फेल्युअरची औषधं, काहींना खास पेसमेकर. कप्पा आकसला की गळतीही कमी होऊ शकते. त्यानंतरही मोठी गळती उरली तर निवडक पेशंटना क्लिप, म्हणजे व्हॉल्व्हचे दोन पडदे एकमेकांना धरून ठेवणारा चिमटा. २०१८ मध्ये क्लिपच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ‘कोॲप्ट’मध्ये फायदा दिसला, ‘मित्रा-एफआर’मध्ये नाही. पेशंट निवडण्यात सगळी मेख आहे. संधिवाताच्या तापानं पडदेच खराब झाले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे बदलावाही लागतो.

राहिलं पाणी. अंगावर सूज असेल तर डॉक्टर माप ठरवून देतात. पण काहींचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडवतो, मायट्रलचा पडदा त्या अडचणीकडे खेचला जातो आणि गळती सुरू होते. अशा माणसाच्या शरीरातलं पाणी घटलं की अडथळा आणि गळती दोन्ही वाढतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, त्याला ‘पाणी कमी प्या’ सांगणं म्हणजे भर उन्हात भोवळ आणवणं.