‘कंपनीचे दिवे म्हणजे काजवे’ : एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज दरवर्षी उगवतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या कारपूलमध्ये आणि माहेरच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘कंपनी पैसे वाचवायला गाडीत काजवे बसवते. घोडबंदर, पाम बीच, घाट, कुठेही रात्री जायचं तर १००/९० वॅटचे बल्ब टाका, नाहीतर ६००० केल्विनचे पांढरे एलईडी. वायरिंगला काही होत नाही. समोरच्याची काळजी असेल तर प्रोजेक्टर बसवा, त्याचा उजेड डोळ्यांत जातच नाही. दुकानात उघड विकतात म्हणजे कायदेशीरच आहे. आणि तसंही सगळेच डोळ्यांवर मारतात. पुढे पाठवा, जीव वाचवा.’

मी राहते कासारवडवलीला, नोकरी महापेला, दुसरी पाळी. म्हणजे रात्री साडेअकरानंतर ठाणे-बेलापूर रस्ता, विटावा, कळवा, माजिवडा आणि मग मेट्रोच्या खांबांमधून घर. आठ वर्षं हेच. शिवाय हा मेसेज मी एकदा अक्षरशः पाळलेला आहे, तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे.

‘कंपनी काजवे बसवते.’

यात तथ्य आहे, पण अर्धंच. स्वस्त गाड्यांचे दिवे खरंच बेताचे असतात, हे रात्री गाडी चालवणारं कुणीही सांगेल. पण दोष बल्बचा नसतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एच-४ नावाचा बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. अप्परला (लांबच्या झोताला) ६० वॅट आणि सुमारे १६५० ल्युमेन उजेड, डिपरला (खालच्या, जवळच्या झोताला) ५५ वॅट आणि सुमारे १०००. नवीन असताना हा उजेड साठच्या वेगाला पुरतो. तो पुढे जातो कुठे, हा प्रश्न मेसेज विचारतच नाही.

मला ते समजलं आमच्या भागातल्या वायरमन मामांकडून. मी गेले होते बल्ब बदलायला. मामांनी आधी दिव्याच्या काचेवरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. काच म्हणजे प्लास्टिकच, पॉलिकार्बोनेट. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हानं गेला की ती पिवळट, दुधाळ होते आणि उजेड आतच विखुरतो. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला: १३.९ व्होल्ट. तोच मीटर बल्बच्या होल्डरवर लावला: १२.२.

‘ताई, पावणेदोन व्होल्ट रस्त्यातच खाल्ले. बल्ब काय करणार?’

हे किरकोळ वाटतं, पण हॅलोजनचा हिशेब विचित्र असतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. माझ्या गाडीत बारा टक्के घट होती, म्हणजे जवळपास एक तृतीयांश उजेड बारीक तारांत, स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होता. बॅटरीपासून थेट जाड तार, मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देण्यापुरता: एवढं केलं की तोच ५५ वॅटचा बल्ब वेगळाच दिसायला लागतो.

‘१००/९० टाका, वायरिंगला काही होत नाही.’

होतं. माझ्या गाडीला झालं. हे मामांकडे जाण्याच्या दोन वर्षं आधीचं. ठाण्यातल्या एका दुकानातून १००/९० चे बल्ब घेतले, तिथल्या पोरानं दहा मिनिटांत लावून दिले. रिले लागेल का, असं विचारलं तर म्हणाला, ‘काय गरज नाय मॅडम.’ पहिले पंधरा दिवस मी खूश. मग एका रात्री वसईकडून येताना फाउंटन हॉटेलवरून थोडं पुढं आल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असेल. ट्रक वळून गेला, वास तसाच. गायमुखला पोचेपर्यंत उजवा दिवा गेला. घरी येऊन बॉनेट उघडलं तर होल्डर तिळगुळाच्या पाकासारखा ओघळून बल्बच्या पायांना चिकटलेला होता. रिफ्लेक्टरवरची चांदी वरच्या बाजूला करपून तपकिरी झाली होती. बल्बचा खर्च शेकड्यांत होता, नवा दिवा हजारांत पडला.

हिशेब साधा आहे. ५५ ऐवजी ९० वॅट म्हणजे करंट १.६ पटींहून जास्त. तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे अडीच पटींहून जास्त. आणि तारेत व्होल्टेजची गळती होतीच, तीही वाढते. म्हणजे पैसे दिले ९० वॅटचे, त्यातला बराच भाग तार तापवायला. ज्यांनी रिले आणि सिरॅमिक होल्डरसह हे बल्ब लावलेत त्यांची तार वाचते, पण रिफ्लेक्टर आणि समोरचा माणूस वाचत नाही.

‘नाहीतर पांढरे एलईडी टाका.’

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त विकलं जाणारं हेच आहे.

एच-४ बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन बारीक तारा असतात. डिपरच्या तारेखाली वाटीसारखा पत्रा असतो. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला लागतो आणि उजेड खाली रस्त्यावर पडतो. सगळी करामत त्या तारेच्या जागेत आहे. ती एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी फोकस बिघडतो. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. बऱ्याचदा त्या त्या जागी नेमक्या बसत नाहीत, आणि वर-खाली उजेड फेकतच नाहीत, फक्त डावी-उजवीकडे. रिफ्लेक्टरला जे अपेक्षित होतं ते मिळत नाही. जुने एचआयडी (झेनॉन वायूच्या बल्बचे) किट हॅलोजनच्या दिव्यात कोंबले तरी हीच गत.

हे मी आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये शेजाऱ्यांना दाखवलं. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला कागदी टेप आडवी. माझ्या डाव्या दिव्यात साधा हॅलोजन, उजव्यात शेजारच्या काकांनी ऑनलाइन मागवलेला एलईडी. हॅलोजनची बाजू टेपच्या चार-पाच बोटं खाली स्वच्छ तुटत होती, वर अंधार. एलईडीच्या बाजूला तशी रेघच नव्हती. टेपच्या वर, अगदी छताच्या पाइपांपर्यंत पांढरा धूर पसरल्यासारखा उजेड. काका म्हणाले, ‘बघ, किती जास्त दिसतंय!’ मी त्यांना गाडीसमोर जाऊन उभं राहायला सांगितलं. दोन सेकंदांत हात डोळ्यांवर.

आणखी एक. चालवणाऱ्याला एलईडी ‘जास्त’ वाटतो त्याचं एक कारण असं की बोनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख होतात. त्या लखलखाटानं डोळ्याची बाहुली आकसते आणि साठ मीटरवरचा खड्डा उलट कमी दिसतो. आपल्याला बघायचा असतो तो खड्डा.

६००० केल्विनबद्दल थोडक्यात: केल्विन म्हणजे इथे उजेडाच्या रंगाचं माप, किती उजळ त्याचं नाही. हॅलोजनचा उजेड सुमारे ३२०० केल्विनचा, पिवळसर. निळसर उजेड डोळ्यांना जास्त बोचतो, एवढंच त्याचं वेगळेपण. आणि निळा रंग चढवलेला हॅलोजन बल्ब म्हणजे गॉगल घातलेला बल्ब, उजेड कमीच होणार. पण पिवळ्याच्या चाहत्यांनीही फार हरखून जाऊ नये. ‘पिवळा धुकं भेदतो’ हेही तितकंच ऐकीव आहे. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच उधळतात. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत पिवळे दिवे सक्तीचे होते, नंतर सक्ती काढली आणि कुणाचं अडलं नाही. फॉग लॅम्प चालतो तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा उजेड वरून सपाट कापलेला असतो म्हणून.

आणि पावसात काळा रस्ता का दिसत नाही? पाण्यानं डांबर आरसा होतं. आपला उजेड आपल्याकडे परत न येता पुढे निसटतो, समोरच्याच्या डोळ्यांत. बल्ब दुप्पट केला तर त्याचा त्रास दुप्पट, आपला रस्ता तसाच काळा. तिथे पांढरे पट्टे आणि कमी वेग हेच कामाला येतात. ओल्या रस्त्यावर, दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरून, साठच्या वेगात गाडी थांबायला साधारण ५३ मीटर लागतात, ऐंशीला ८३. नीट सेट केलेला डिपर साठ-पासष्ट मीटर दाखवतो. पाम बीचवर तर रस्त्याचे दिवे आहेत. तिथली अडचण वेगाची आहे, उजेडाची नाही.

‘प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत जातच नाही.’

प्रोजेक्टर चांगली वस्तू आहे, मी तिच्या विरोधात नाही. आत लंबवर्तुळाकार रिफ्लेक्टर, मध्ये उजेड कापणारा पत्रा, पुढे भिंगाची काच. पत्र्याची सावली भिंगातून उलटी होऊन रस्त्यावर पडते, म्हणून वरची रेघ सुरीनं कापल्यासारखी येते. कंपनीनं त्या गाडीसाठी बनवलेला आणि सेट केलेला असेल तर उत्तम.

पण ‘जातच नाही’ हे कुठून आणलं? ती रेघ गाडीशी बांधलेली असते, रस्त्याशी नाही. गायमुखच्या चढावर गाडीचं नाक वर झालं की रेघही वर. स्पीडब्रेकरवर वर. मागे तीन माणसं आणि डिकीत गणपतीचं सामान भरून कोकणात निघालात की वर. सेटिंगला एक टक्का उतार ठेवतात, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर खाली. कोनात मोजलं तर जेमतेम अर्धा अंश. तेवढं नाक उचललं की तो उतार संपला, त्याहून वर गेलं की फोकस समोरच्याच्या डोळ्यांकडे. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं ते याचसाठी. माझ्या ओळखीत ते फिरवणारे दोनच जण आहेत, त्यात मी एक.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. डिपरची रेघ सरळ नसते, एका बाजूला वर चढते, म्हणजे कडेचा माणूस आणि पाटी दिसावी. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपली रेघ डावीकडे चढायला हवी. बाजारात उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचे प्रोजेक्टरही विकले जातात. तो आपल्या गाडीत बसला की चढाव उजवीकडे, नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. पार्किंगच्या भिंतीवर हे एका मिनिटात कळतं. आमच्याच इमारतीतल्या एका एसयूव्हीत असा निघाला. मालकांना कळेना की लोक त्यांनाच का सारखे अप्पर मारतात.

तिसरं पाऊस. बाहेरून प्रोजेक्टर बसवायचा तर दिवा ओव्हनमध्ये गरम करून काच सोडवतात, मग पुन्हा चिकटवतात. जुना चिकट थर नीट नाही काढला तर पहिल्या जोरदार पावसात काचेच्या आत दव. ठाण्यात जून ते सप्टेंबर हे दव वाळत नाही, आणि त्यातून जाणारा उजेड पुन्हा विखुरतो. म्हणजे सगळा खर्च करून परत दुधाळ काचेपाशी.

‘दुकानात विकतात म्हणजे कायदेशीर.’

दुकानात फटाक्यांच्या आवाजाचे सायलेन्सरही विकतात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या १८२-अ कलमानुसार मालकानं परवानगीबाहेरचा बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केंद्रीय नियमांतला १०६ वा नियम तर मोजमापच देतो: दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरून येणारा स्कूटरवाला.

‘तसंही सगळेच डोळ्यांवर मारतात.’

यावर वाद घालत नाही, मारतात. पण दिपलेला डोळा परत जागेवर यायला काही सेकंद लागतात, वय झालेल्याला जास्त. साठच्या वेगात तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर. तेवढे पन्नास मीटर विटाव्याला समोरून येणारा टेम्पो आंधळा चालवतोय, आणि मी त्याच्या समोर आहे.

मी पुढे काय केलं ते विचारतात म्हणून सांगते. काच घासून वर यूव्ही थर मारून घेतला (टूथपेस्टनं घासलेली काच दोन महिन्यांत परत पिवळी होते, अनुभवाने सांगते). रिलेचं हार्नेस (तारांचा संच), ई-खूण (युरोपीय मानकाची खूण) असलेले साधे ६०/५५ चे दोन बल्ब, आणि मामांकडे भिंतीसमोर सेटिंग. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. एलईडी लावणारे काका दुसऱ्या रविवारी पार्किंगमध्ये टेप घेऊन आले. बल्ब त्यांनी अजून काढलेला नाही, पण आता त्यांना मेसेजमधलं नेमकं कोणतं वाक्य खरं आहे ते मला विचारायचं असतं.