‘राउटर ऑन अ स्टिक विसरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या आणि नेटवर्किंग शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. विषय ‘राउटर ऑन अ स्टिक’, म्हणजे स्विचवरचे सगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं) एकाच केबलने राउटरपर्यंत न्यायची पद्धत. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एका केबलवरून सगळे व्हीलॅन नेले की स्पीड निम्मा होतो. सबइंटरफेसचा (राउटरच्या एका पोर्टचे सेटिंगमध्ये पाडलेले भाग) नंबर आणि व्हीलॅनचा नंबर सारखाच लागतो. हा सगळा प्रकार सिस्को ह्या राउटर-स्विचच्या कंपनीच्या परीक्षेपुरताच आहे. लेयर थ्री स्विच (व्हीलॅनमधलं राउटिंग स्वतःच करणारा स्विच) आणा आणि राउटर काढून टाका. शेवटची ओळ, ‘व्हीलॅन वेगळे केले की सिक्युरिटी झालीच.’

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटांची नेटवर्कं सांभाळतो. मेसेज वाचून एका मालकांनी मला विचारलं, “स्विच बदलायचा का हो?” त्यांच्याकडे बारा कॉम्प्युटर आणि सोळा कॅमेरे आहेत. विनाकारण खर्चात पडायला निघाले होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्विचवर व्हीलॅन केले की एका व्हीलॅनमधली मशिनं दुसऱ्यातल्या मशिनांशी बोलू शकत नाहीत. मधे राउटर लागतो. लहान राउटरला मोजके पोर्ट, म्हणून एकाच पोर्टवर सबइंटरफेस करायचे. ट्रान्सपोर्टच्या एकाच टेम्पोत चार पार्ट्यांच्या गाठी जातात, तरी माल मिसळत नाही, कारण प्रत्येक गाठीवर मार्का असतो. ट्रंक केबलवर, म्हणजे सगळे व्हीलॅन नेणाऱ्या त्या एका केबलवर, तो मार्का म्हणजे ८०२.१क्यू टॅग. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या एकेका गाठीत, ४ बाइट, आणि त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरासाठी. राउटर तो नंबर वाचून फ्रेम त्या-त्या सबइंटरफेसकडे देतो आणि बाहेर पाठवताना नव्या व्हीलॅनचा मार्का लावतो.

आता स्पीड. केबल फुल डुप्लेक्स असते. १ गिगाबिटचा पोर्ट म्हणजे जायला १ आणि यायला १, हायवेच्या दोन बाजूंसारखं. हिशेबाच्या व्हीलॅनमधून डिझाइनच्या व्हीलॅनमध्ये एखादी फाइल निघाली तर ती एका बाजूने राउटरमध्ये शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. तिच्यासाठी निम्मं काहीच होत नाही. दोन्हीकडून एकाच वेळी जड कॉपी चालू असेल, तर मात्र दोघांना तोच १ गिगाबिट वाटून घ्यावा लागतो. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच.

अडतं ते बहुतेक वेळा केबलपाशी नाही, राउटरपाशी. सिस्कोचा ४३२१ घ्या. पोर्ट गिगाबिटचे, पण पॅकेट पुढे पाठवायची क्षमता मुळात ५० मेगाबिट, परफॉर्मन्स लायसन्स घेतलं की १००. म्हणून आधी हे बघायचं, की राउटरमधून नेमकं जातं किती? त्याच युनिटचा हिशेब सांगतो. सोळा कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तर ६४. आकडा ऐकून कुणीही घाबरेल. पण कॅमेरे आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) एकाच व्हीलॅनमध्ये असले की हे ६४ मेगाबिट स्विचमधल्या स्विचमध्ये फिरतात, राउटरपर्यंत येतच नाहीत. मालक ऑफिसात बसून दोन कॅमेरे बघतात तेव्हा राउटरमधून जातात फक्त ८. ह्याच्यासाठी नवा स्विच?

जिथे सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये आणि वीस डिझायनर दुसऱ्यात बसून दिवसभर जड फायली ओढतात, तिथे लेयर थ्री स्विच घ्यावा, मीही तेच सांगतो. तो राउटिंग हार्डवेअरमध्ये करतो, वेगाने करतो. पण ‘राउटर काढून टाका’ हे तिथेही चालत नाही. बहुतेक लेयर थ्री स्विच नॅट (आतले खाजगी पत्ते इंटरनेटच्या पत्त्यात बदलणं) करत नाहीत, इंटरनेटसाठी राउटर किंवा फायरवॉल लागतोच.

नंबराचा मुद्दा साफ चूक. ०/०.७ ह्या, म्हणजे ७ नंबरच्या सबइंटरफेसवर ‘एनकॅप्सुलेशन डॉट वन क्यू २०’, म्हणजे व्हीलॅन २० जोडायची कमांड, दिलं तरी काम बिनबोभाट चालतं. नंबर सारखे ठेवावेत, कारण रात्री फोनवर बिघाड शोधताना डोकं शांत राहतं. पोरं अडकतात ती दुसरीकडे: एनकॅप्सुलेशन देण्याआधी आयपी टाकायला जातात आणि राउटर घेत नाही, किंवा मूळ पोर्ट चालू करणारं ‘नो शटडाउन’ द्यायचंच विसरतात. आणि परीक्षेपुरतं म्हणाल, तर मिक्रोटिक ह्या दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर हेच व्हीलॅन इंटरफेस म्हणून करतात, आणि लिनक्सवर एका ओळीत होतं. ८०२.१क्यू हे आयट्रिपलई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेचं १९९८ सालचं खुलं स्टँडर्ड आहे, एका कंपनीची मालकी नव्हे.

शेवटच्या ओळीचा मात्र मला मनापासून राग आला. कारण ती वाचून कुणीतरी निर्धास्त बसेल.

एका कारखान्यात मला वायफायच्या तक्रारीसाठी बोलावलं होतं. व्हीलॅन आधीच्या माणसाने नीट केलेले: हिशेब १०, कॅमेरे २०, पाहुणे ३०. मी पाहुण्यांच्या वायफायला माझा फोन जोडला आणि ब्राउझरमध्ये हिशेबाच्या बॅकअप बॉक्सचा पत्ता टाकला. लॉगिनचं पान समोर आलं. मालकांना दाखवलं तर ते म्हणाले, “पण वेगळं केलंय म्हणाले होते की!” वेगळं केलेलंच होतं, स्विचवर. राउटरवर तीन सबइंटरफेसना आयपी दिल्याक्षणी ती तिन्ही नेटवर्कं त्याच्या राउटिंग टेबलात आली आणि तो इमानेइतबारे एकाकडून दुसऱ्याकडे पॅकेट पोचवायला लागला. त्याचं कामच ते. अडवायचं असेल तर ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं आणि कुणाला नाही ह्याची यादी, लिहावी लागते.

पाहुण्यांच्या सबइंटरफेसवर, आत येणाऱ्या दिशेने, आम्ही तीन ओळी लावल्या. १९२.१६८.३०.० (पाहुणे) कडून १९२.१६८.१०.० (हिशेब) ला मनाई, १९२.१६८.२०.० (कॅमेरे) ला मनाई, आणि शेवटी बाकी सगळ्याला परवानगी. ही शेवटची ओळ विसरलात तर इंटरनेटही जातं, कारण लिस्टच्या तळाशी न दिसणारी ‘सगळ्याला मनाई’ असतेच.

कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनला तीच लिस्ट डोळे झाकून लावू नका. एनव्हीआरकडून हिशेबाकडे सरसकट मनाई केली, तर ऑफिसातून मागितलेल्या चित्राचं उत्तरही तिथेच मरतं. साधी ॲक्सेस लिस्ट आधीची मागणी लक्षात ठेवत नाही. टीसीपीसाठी (आधी कनेक्शन जोडून मग डेटा पाठवायची पद्धत) मनाईच्या वर ‘एस्टॅब्लिश्ड’ची, म्हणजे आधीच जोडलेल्या कनेक्शनला परवानगीची, ओळ घालावी लागते, म्हणजे उत्तरं येतात आणि कॅमेऱ्यांकडून नवं कनेक्शन सुरू होत नाही.

त्या दिवशी लिस्ट लावून परत फोनवर तपासलं. बॅकअप बॉक्सचं पान उघडेना, यूट्यूब मात्र चाललं. मग १९२.१६८.३०.१ टाकलं, आणि राउटरचं स्वतःचं लॉगिन पान उघडलं. ते बंद करायला आणखी एक ओळ लागली. तुमच्याकडे सबइंटरफेस असोत की लेयर थ्री स्विच, पाहुण्यांच्या वायफायवरून हे दोन्ही पत्ते आजच उघडून बघा.