तीन तिघाडा, काम बिघाडा

घरात तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर लिनक्स, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना! तिन्हींची सेटिंग एकसारखी ठेवायची तर 'सेटिंगच्या फायली गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) टाक की झालं,' म्हणे. होम फोल्डरचं, म्हणजे आपल्या स्वतःच्या फायलींचं, निभतं हो, पण ईटीसीचं, म्हणजे अख्ख्या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरचं, काय? त्यातल्या एफस्टॅबमध्ये, म्हणजे डिस्कांच्या यादीत, प्रत्येक डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा, ती फाइल जशीच्या तशी उचलायची सोयच नाही. त्यावर कडी म्हणजे एफडी, फायली शोधायची कमांड. लिनक्सच्या एका डिस्ट्रोत (प्रकारात) ती कमांड एफडी, दुसरीत तीच एफडीफाइंड! का, तर ते नाव दुसऱ्याच पॅकेजने आधी अडवून ठेवलंय. मग लिहा एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, त्यातही होस्टनेम (मशीनचं नाव) बघून इफ-एल्स, म्हणजे 'हे मशीन असेल तर हे, नाहीतर ते'. एवढं करून अपडेट विचारतो, 'तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ?' फरक बघावा तर निम्म्या ओळी कुठल्या मशीनसाठी घातल्या होत्या, देव जाणे!